जुन्या अँबॅसडरची मागची बाजू खाली घेणे आणि डुलणे आवरणे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजूनही कितीतरी घरांच्या शेडमध्ये एखादी अँबॅसडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी उभी असते. त्यांतल्या बऱ्याच गाड्या कधीकाळी वडापला, म्हणजे भाड्याने माणसे भरून नेण्याला, होत्या. आत माणसे दाटीवाटीने बसलेली, वर टपावर बोजा, म्हणून मागच्या पाट्यांत, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, कुणीतरी एक, कधी दोन जादा पाटे घातले. पुढे वडाप सुटले, गाडी घरची झाली, पाटे मात्र तसेच राहिले. आता रिकामी गाडी मागून उचललेली दिसते, खड्ड्यात टाच उडवते, वळणावर डुलते आणि ब्रेक दाबला की शेपूट एका बाजूला सरकवते.

मालकाला वाटते, मागून दोन इंच खाली घेतली की सगळे ठीक होईल. तसे होत नाही. उंची आणि डुलणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. डुलण्याचे कारण बहुतेक वेळा संपलेले बुश (पाट्याच्या टोकांच्या कड्यांतले रबर), ढिले यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) आणि मेलेले शॉकअप हेच असते. तीच गाडी खाली घेतली तर ती खालीही डुलते, शिवाय तळ घासते. म्हणून आधी मोजायचे, मग ढिलेपणा काढायचा, मग उतरवायचे आणि अगदी शेवटी डुलणे रोखणारा बार किंवा आडवा रॉड लागतो का ते पाहायचे.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल करता येत नाही. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंद करायची असेल, तर ती मूळ रूपात असणे ही अटच आहे. नंबर केए २२ असो की केए २३, नियम तोच. त्यामुळे इथे सांगितलेले काम बोल्टने लागणारे आणि बोल्टने निघणारे आहे. बॉडीचा भाग कापायचा नाही, फ्लोअरला वेल्डिंग मारायचे नाही आणि काढलेला प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी बांधून ठेवायचा. वडापातला जादा पाटा काढणे म्हणजे बदल नव्हे, ती गाडी मूळपदावर आणणे आहे.

आधी मोजमाप

जागा सपाट हवी. अंगणातली शहाबादी फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण पाण्याची नळी लावून पाहिली की चारही चाकांखाली दहा-पंधरा मिमीचा फरक निघतो. नळीने पातळी बघा आणि कमी बाजूला पत्र्याचे तुकडे घाला. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाला आणा, पेट्रोल अर्धी टाकी ठेवा. डिकीतले जॅक-पान्यांचे ओझे, जुने टायर, भिजकी पोती सगळे बाहेर काढा.

उंची जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरचा आकार आणि झीज हिशेबात येत नाही. हे माप चारही चाकांचे, तीन अवस्थांत घ्या: रिकामी गाडी, ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस, आणि मागच्या सीटवर ५० किलोची दोन पोती ठेवून. साखरपट्ट्यात राहतो, ५० किलोचा शिक्का असलेले साखरेचे पोते शोधायला लांब जावे लागत नाही. प्रत्येक माप घेण्याआधी गाडीचा बंपर दाबून तीन-चार वेळा हलवा आणि ती आपोआप स्थिर होऊ द्या. पाट्यांत घर्षण असते, न हलवता घेतलेले माप दहा मिमीने फसवते.

मग खालून चार गोष्टी मोजा आणि वहीत लिहा. ॲक्सल आणि बंप रबर (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेले रबर) यांच्यात किती जागा आहे. ॲक्सलवरून जाणारा सायलेन्सरचा पाइप आणि ॲक्सल यांच्यात किती. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) आणि फ्लोअरच्या बोगद्यात किती. आणि शॉकअपचा दांडा किती बाहेर आहे. किती उतरवता येईल हे या चार आकड्यांनी ठरते. दोन माणसे व दोन पोती असताना बंप रबरपर्यंत ५० मिमीपेक्षा कमी जागा उरणार असेल तर तितके उतरवू नका.

शेवटी दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, मोजा. अँबॅसडरचा तो २४६४ मिमी आहे. डाव्या-उजव्यात ३ मिमीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागचा ॲक्सल आधीच तिरपा बसला आहे, म्हणजे बहुधा सेंटर बोल्ट (पाटे मध्यभागी एकत्र धरणारा) तुटला आहे किंवा पुढचे बुश खाल्ले आहेत.

ढिलेपणा कुठे आहे ते शोधा

गाडी चाकांवर उभी असतानाच खाली जा. एकाने मागचा मडगार्ड धरून गाडी आडवी हलवायची, दुसऱ्याने पाट्याच्या पुढच्या आयजवळ, म्हणजे टोकाच्या कड्याजवळ, बोट ठेवायचे. आय आणि ब्रॅकेट यांच्यात बोटाला हालचाल जाणवली तर बुश गेला. मागच्या शॅकलवर (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यावर) तेच करा, तिथे बहुतेक वेळा वरचा बुश आधी संपतो. टॉमी घालून जोराने उचकटू नका, तसे केल्यास चांगला बुशही हललेला दिसतो.

यू-बोल्टचे नट पान्याने तपासा. फिरले तर पाट्याच्या सीटवर, म्हणजे ॲक्सल पाट्यावर टेकतो तिथे, गंजाची लाल पावडर सापडेलच. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीत ती पावडर मातीत मिसळून जाते, म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासून पाहा. सीटच्या कडेला चकचकीत रेघ असेल तर ॲक्सल पाट्यावर सरकतो आहे.

शॉकअपची जुनी परीक्षा, म्हणजे कोपरा दाबून सोडणे, पाट्यांच्या गाडीत अर्धवट खरी आहे. गंजलेल्या पाट्यांचे घर्षण गाडीला दीड उसळीतच थांबवते आणि मेलेला शॉकअप जिवंत वाटतो. खालचा बोल्ट काढून दांडा हाताने ओढून-ढकलून बघा. दोन्हीकडे सारखा, तुटक नसलेला अवरोध हवा. मध्येच मोकळी जागा लागली तर तेल गेले. काही जुन्या गाड्यांवर हातवाले, म्हणजे लिव्हरचे शॉकअप असतात. त्यांत तेल भरायची झाकणी असते. आधी तेल भरून हात वरखाली करून हवा काढा आणि दुव्याचे रबर बघा. तेल शाफ्टच्या सीलमधून गळत असेल तर नुसते भरून उपयोग नाही.

हे सगळे नवीन करून, जादा पाटा न काढताही गाडी एकदा चालवून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

कोणत्या पद्धतीने उतरवायचे

तीन मार्ग आहेत. पाटा कमी करणे, पाट्यांची कमान (बाक) उतरवणे आणि पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणे.

पाटा कमी केला की पाट्यांची जुडी मऊ होते. सारख्या जाडीच्या सहा पाट्यांतला एक काढला तर कडकपणा साधारण एक षष्ठांशाने घटतो. भाराखाली जुडी १०० मिमी दबत असेल तर ती आता १२० मिमी दबेल, म्हणजे गाडी २० मिमी खाली येईल. वडापचा जादा पाटा काढायला हे उत्तम. पण मूळ पाटा काढायचा नाही. मऊ जुडी उंची कमी करते, पण डुलणे वाढवते आणि बंप रबरवर आपटते. तुम्हाला नको असलेले दोन्ही मिळते.

कोणता पाटा मूळ आणि कोणता जादा हे ओळखायला जाडी व्हर्नियरने मोजा. जादा पाटा बहुधा दुसऱ्या गाडीचा, वेगळ्या जाडीचा किंवा टोके गॅसने कापलेला असतो. मूळ पाट्यांची टोके एकसारखी असतात आणि लांबी टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. त्या पायऱ्यांत मध्येच एक बेसूर पायरी दिसली की तोच.

कमान उतरवली तर कडकपणा तोच राहतो, फक्त उभी राहण्याची उंची बदलते. काम उत्तम, पण नाजूक आणि परत फिरवायला कठीण. ठोकळ्यानेही कडकपणा तोच राहतो आणि तो काढला की गाडी पूर्ववत होते. मूळ रूप जपायचे असलेल्या गाडीला जादा पाटा काढणे आणि २५ ते ३८ मिमीचा ठोकळा हीच जोडी योग्य. कमान उतरवायची ती फक्त तेव्हा, जेव्हा डावी-उजवी जुडी आधीच वेगवेगळ्या उंचीची बसली आहे आणि तशीही ती उलगडावीच लागणार आहे.

एक सावधगिरी. ठोकळा घातल्याने गाडी खाली जाते ते फक्त ॲक्सल पाट्यांच्या वर बसला असेल तेव्हा, अँबॅसडरसारखा. ज्या गाडीत ॲक्सल पाट्याखाली असतो, तिथे तोच ठोकळा गाडी वर उचलतो. आणि लांब शॅकल लावणे हा उतरवण्याचा उपाय नव्हे, त्याने मागची बाजू वर जाते.

किती उतरवावे? या भागात मूळ उंचीपासून ३० मिमीच्या आसपास पुरे. प्रमाणित गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून अशी गाडी सहज जाते. पण गावोगावचे अरुंद, टोकदार हम्प आणि ऊसगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वेगळ्या. मागून ३८ मिमी उतरवले तर गाडीचे पोट मध्यभागी १९ मिमीने खाली येते, मागचा सायलेन्सर मात्र जवळजवळ पूर्ण ३८ने. म्हणून घासण्याचे पहिले ठिकाण तेच.

जुडी काढणे

पुढच्या चाकांना लाकडी घुटके लावा. मागून जॅकने उचलून घोड्या (लोखंडी टेकू) बॉडीच्या मजबूत आडव्या भागाखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडे पुढे लावा. अँबॅसडरला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही, बॉडीच भार घेते. त्यामुळे गंजलेल्या बॉक्सखाली घोडी लावली तर ती आत घुसते. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. भरीव आवाज हवा, पापडासारखा नको.

ॲक्सलखाली दुसरा जॅक ठेवून त्याचे वजन पेला. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना ते पाहा. नळीवर ॲक्सल लटकू द्यायचा नाही. यू-बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावा. नट फिरत नसतील तर कापून टाका, जुने यू-बोल्ट परत वापरायचेच नाहीत. का ते पुढे येते.

जुडी बाकावर घेतल्यावर सेंटर बोल्ट थेट सोडू नका. दाबलेले पाटे एकदम उघडतात आणि बोटे जातात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड जी-क्लॅम्प कसा, बोल्ट सोडा, मग क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे ढिले करा. पाटे सुटे झाले की क्रमांक मारा, पुढची दिशाही. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि मेन पाट्याच्या आयची मुळे भिंगाखाली बघा. केसासारखी तडा दिसली तर तो पाटा भंगारात, वेल्डिंगने तो जोडायचा नाही.

कमान उतरवायचीच असेल तर

पाट्याचे पोलाद आधी कडक करून मग ठराविक तापमानाला नरम केलेले असते. त्याची सगळी लचक त्या प्रक्रियेत आहे. भट्टीत किंवा गॅसने लाल करून वाकवले की ती लचक गेली. गाडी पहिल्या दिवशी हवी तितकी खाली येते, महिन्याभरात आणखी बसते आणि एखाद्या हम्पवर पाटा तुटतो. त्यामुळे काम थंडच करायचे. महामार्गालगत ट्रकचे पाटे बांधणारे कारागीर हे रोज करतात, फक्त त्यांना घाई करू देऊ नका आणि गॅस पेटवू देऊ नका.

हायड्रॉलिक प्रेस असेल तर उत्तम. पाटा पालथा ठेवा, कमान वर. आधाराच्या दोन कडा गोल केलेल्या असाव्यात. पाट्याची आतली, म्हणजे खोलगट बाजू भाराखाली ताणली जाते आणि तिथे पडलेला ओरखडाच पुढे तडा होतो. हातोडा वापरायचा तर तोही फुगीर बाजूवरच पडला पाहिजे. मध्यापासून ६० मिमी आणि आयपासून ६० मिमी भाग सोडून, दर ४० मिमीवर खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर थोडे थोडे दाबा. एका ठिकाणी जास्त दाबले की तिथे कोन पडतो आणि पाटा तिथेच तुटतो.

फळीवर मेन पाट्याची हवी ती कमान खडूने आखून ठेवा आणि वारंवार ताडून बघा. मेन पाटा झाला की बाकीचे. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला हवा. पाटे एकावर एक ठेवले की टोके टेकतात आणि मध्ये दोन-चार मिमीची फट राहते. सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते आणि टोके वरच्या पाट्याला घट्ट धरून राहतात. ही फट ठेवली नाही तर टोके उघडी पडतात, त्यांत माती शिरते आणि सगळा भार मेन पाट्यावर येतो.

बांधलेली जुडी प्रेसमध्ये सपाटीच्या किंचित पलीकडे चार-पाच वेळा दाबा. पहिल्या दाबात कमान थोडी उतरते, नंतर स्थिर होते. जी काही बसायची ती इथेच बसू द्या, रस्त्यावर नको. मग दोन्ही जुड्यांची कमान मोजा, फरक ३ मिमीच्या आत हवा.

कमान कमी झाली की दोन आयमधले अंतर वाढते, हे विसरू नका. समजा अंतर १२०० मिमी आहे आणि कमान १०० वरून ५० मिमीवर आणली, तर पाटा सुमारे १७ मिमी लांब होतो. पुढचा आय पक्का असल्याने ॲक्सल साधारण ८ मिमी मागे सरकतो आणि मागचा शॅकल १७ मिमी मागे झुकतो. शॅकल फ्लोअरला किंवा पेट्रोल टाकीला लागत नाही ना ते पाहा. भार टाकल्यावर तो पाट्याच्या रेषेत आडवा व्हायला लागला तर उतरवणे जास्त झाले.

ठोकळा आणि यू-बोल्ट

ठोकळा भरीव माइल्ड स्टीलचा किंवा चांगल्या ॲल्युमिनियमचा. रुंदी पाट्याइतकी, लांबी ॲक्सलच्या सीटपेक्षा कमी नको. खालच्या बाजूला सेंटर बोल्टचे डोके बसेल असे भोक आणि वरच्या बाजूला ॲक्सलच्या सीटमधल्या भोकात बसणारी खुंटी. दोन्ही एकाच मध्यरेषेवर, खेळ अर्ध्या मिमीपेक्षा जास्त नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे काम तासाभरात होते, पण चित्र काढून, मापे लिहून द्या. एकावर एक दोन ठोकळे, लाकूड किंवा मध्ये वॉशरची थप्पी असले काही नको.

आता यू-बोल्ट. ॲक्सल पाट्याच्या वर असला म्हणजे पाटा ॲक्सलखाली लटकलेला असतो. मागच्या भागाचा सगळा भार त्या चार यू-बोल्टच्या आठ पायांच्या आट्यांवर ताणून धरलेला असतो. म्हणून जुने, एकदा ताणून गेलेले बोल्ट परत लावायचे नाहीत. नवे ८.८ दर्जाच्या सळईचे, थंड वाकवलेले, ॲक्सल ट्यूबच्या गोलाईला नेमके बसणारे घ्या. पायाची लांबी जुन्यापेक्षा ठोकळ्याच्या उंचीइतकी जास्त, काढलेल्या पाट्याची जाडी वजा. नटाबाहेर दोन-तीन आटे उरावेत, जास्त नकोत. टोके खालीच असतात आणि चाकोरीत घासतात. १० मिमीच्या बोल्टला सुमारे ४० ते ४५ न्यूटन-मीटर, १२ मिमीला ७५ ते ८०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. चारही नट तिरपे-तिरपे, तीन फेऱ्यांत आवळा.

३८ मिमीच्या वर ठोकळा घेऊ नका. ठोकळा जितका उंच तितका ॲक्सलचा पिळा पाट्यावर जास्त येतो. जोरात ब्रेक लावला किंवा चढावर पहिल्या गिअरात क्लच सोडला की पाटा इंग्रजी एस आकारात वळतो आणि चाक थडथडते.

परत जोडणी

पाट्यांमध्ये ग्राफाइट असलेले ग्रीस पातळ लावा किंवा टोकांजवळ कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्या घाला. पावसाळ्यात कणकुंबीकडे जाणारी गाडी असेल तर पट्ट्याच बऱ्या, ग्रीस तिथे धुऊन जाते आणि उरते ते मातीचे लिंपण. रबरी बुशला मात्र ग्रीस लावू नका, साबणाचे पाणी पुरते.

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी ही: शॅकलचे आणि पुढच्या आयचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. नुसते हाताने बसवा. गाडी चाकांवर उतरवा, आत दोन माणसांचे वजन ठेवा, बंपर हलवा आणि मग खाली जाऊन आवळा. हवेत आवळले तर रबर त्या लटकत्या स्थितीत धरले जाते. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते, मागची बाजू १५-२० मिमी वर दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतात. ‘उतरवूनही गाडी उतरली नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा इथलीच असते.

मग पिनियनचा, म्हणजे मागच्या ॲक्सलला प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या तोंडाचा, कोन. कोन मोजायचे साधन किंवा मोबाइलमधले लेव्हल ॲप गिअरबॉक्सच्या मागच्या सपाट भागावर आणि मग पिनियनच्या फ्लँजवर ठेवा. दोन्ही अक्ष जवळजवळ समांतर हवेत, पिनियनचे नाक एक ते दोन अंश खाली झुकलेले असले तर उत्तम, कारण जोर लागला की ते वर उचलले जाते. फरक जास्त असेल तर पाट्यावर स्टीलची दोन अंशांची पाचर घाला. जाड बाजू मागे ठेवली की नाक खाली येते, पुढे ठेवली की वर जाते. पाचरेलाही सेंटर बोल्टचे भोक हवेच. कोन चुकला तर ५०-६०च्या वेगाला सीटखाली घरघर सुरू होते आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला नवा क्रॉस लवकर संपतो.

शॉकअप आणि बंप रबर

खाली आलेल्या गाडीत जुन्या लांबीचा शॉकअप आधीच अर्धा दाबलेला असतो. दोन माणसे बसलेली असताना दांड्याची दाबली जाणारी चाल एकूण चालीच्या ४० टक्क्यांहून कमी उरली तर छोटा शॉकअप घ्या किंवा ब्रॅकेटची उंची बदला. नाहीतर बंप रबरच्या आधी शॉकअप आपटतो आणि फ्लोअरचे ब्रॅकेट फाटते. बंप रबर काढून टाकू नका. जागा कमी पडत असेल तर त्याची टोकाची १०-१२ मिमी कापता येते, त्याहून जास्त नाही. आणि कापायचेच तर मूळ रबर जपून ठेवा, दुसरे आणून कापा.

आता आवरणे

नवे बुश, घट्ट यू-बोल्ट, जिवंत शॉकअप आणि ३० मिमी कमी उंची एवढ्याने गाडी बदलते. याच्या पुढचे सगळ्यांना लागत नाही.

मागे अँटी-रोल बार लावायचा मोह होतो. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १४ मिमीऐवजी १६ मिमीचा बार ७० टक्क्यांनी जास्त कडक, १६ऐवजी १९ मिमीचा जवळजवळ दुप्पट. मागून जास्त कडक केले की वळणावर आतले चाक हलके होते आणि ओल्या रस्त्यावर शेपूट सुटते. चोर्ला घाटात पावसात ते नको. पुढे बार नसेल तर मागे लावूच नका. पुढे असेल आणि तरीही डुलत असेल तर १४ मिमीपासून सुरुवात करा.

पॅनहार्ड रॉड ॲक्सलला आडवे सरकू देत नाही. पाट्यांच्या गाडीत ते काम पाटेच करतात, म्हणून बुश नवे असताना त्याची गरज क्वचितच लागते. लावायचाच तर लांबात लांब आणि गाडी उभी असताना जमिनीला समांतर. ९०० मिमीचा रॉड चाक ६० मिमी वर गेल्यावर ॲक्सलला २ मिमी आडवे ओढतो, ५०० मिमीचा रॉड ३.६ मिमी. त्याचे बॉडीकडचे टोक पातळ फ्लोअरवर नको, बॉक्स सेक्शनवर आतून जाड प्लेट देऊन बोल्टने. तशी जागा नसेल तर रॉडचा विचार सोडा.

पुढची बाजू आणि चाचणी

मागून उतरवले की पुढे नाक वर येते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि स्टेअरिंगचा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागेपुढे कल) थोडा बदलतो. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार आहेत, त्यांच्यावर उंची जुळवता येते. दोन्ही बाजूंची सारखीच बदला आणि त्यानंतर अलाइनमेंट करा, हेडलाइट नव्याने लावा. बाजूने पाहिल्यावर दाराखालची रेघ समतल किंवा मागे किंचित वर दिसावी.

गाडी बाहेर काढण्याआधी दोन तपासण्या. एका मागच्या चाकाखाली १०० मिमीचा ओंडका घालून टायर मडगार्डला आत लागतो का बघा, मग दुसऱ्या बाजूला. आणि दोन्ही रिमच्या खालच्या कडांमध्ये दोरी ताणून पाहा. यू-बोल्ट, प्लेट, शॉकअप, काहीही त्या दोरीखाली येता कामा नये. नाहीतर पंक्चर झाल्यावर ते रस्त्याला लागते.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सरळ रस्त्यावर, १०-१५ किलोमीटर. घरी येऊन व्हीलबेस परत मोजा. मग दोन पोती टाकून खानापूर रस्त्याने. घाट सगळ्यात शेवटी. ५० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा, मग ५०० किलोमीटरनंतर. पहिल्या वेळी ते थोडे फिरतातच, कारण रंग आणि गंज चेपला जातो. दुसऱ्या वेळीही फिरले तर सीट साफ झालेली नाही, उघडून बघा.

ब्रेक लावताना मागून एकच ‘टक्’ आवाज आला तर सेंटर बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात सैल आहे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरपे धरावे लागले तर एक बाजूचा पाटा लांब झाला आहे. एकच बाजू खाली राहिली तर आधी त्या बाजूचे शॅकलचे बोल्ट ढिले करून, गाडी हलवून, परत आवळा. त्याने फरक पडला नाही तरच जुडी काढा.

पावसाळा संपला की, साधारण दिवाळीच्या आधी, पाटे पाण्याच्या प्रेशरने धुऊन, वाळवून टोकांत पुन्हा ग्रीस सोडा आणि यू-बोल्टवर गंजरोधक रंगाचा एक हात द्या. नटावरून प्लेटवर येईल अशी आडवी एक पांढरी रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी वाकून बघताच नट जागेवर आहे की फिरला ते कळते.